कुंड्यांनाही थंडी वाजते!

तुळशीचं लग्न लागलं, मार्गशीर्षातले गुरुवार सुरू झाले, की घराघरांत थंडीची तयारी सुरू होते. ट्रंकेतले स्वेटर बाहेर येतात, गोधड्यांना ऊन दाखवलं जातं, डिंक-खारकांची खरेदी होते. आजोबांची कानटोपी, बाळाचे पायमोजे, सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी गरम पाण्याची पिशवी, सगळ्यांची आठवण गृहिणीला असते. आठवण राहत नाही ती एकाच मंडळींची. गच्चीत, गॅलरीत, अंगणात रात्रभर उघड्यावर उभ्या असणाऱ्या आपल्या कुंड्यांची!

आणि मग पौषातल्या एखाद्या सकाळी दार उघडावं तो काय दिसतं? कालपर्यंत टवटवीत असलेल्या क्रोटनची पानं उकडलेल्या भाजीसारखी लोंबताहेत. मनी प्लँट काळवंडला आहे. आणि तुळस! तिची पानं करपून खाली वाकली आहेत. रोप गेल्याचं वाईट तर वाटतंच, पण तुळस वाळली की अनेक घरांत त्यापुढचं एक बोलणंही सुरू होतं. “घरात काहीतरी अशुभ होणार,” असं कुणी म्हणतं. नवी सून आलेली असेल तर तिच्या हाताच्या गुणावर आणि पायगुणावर चर्चा होते. बिचारीने कार्तिकापासून रोज नेमाने पाणी घातलेलं असतं, आणि बोल मात्र तिलाच लागतो.

म्हणून मैत्रिणींनो, या लेखात दोन गोष्टी सांगायच्या आहेत. थंडी कुंड्यांना नेमकी कशी बाधते आणि तिच्यापासून त्यांना कसं जपायचं ही पहिली. दुसरी गोष्ट तुळशीची. ती सगळ्या घराने एकत्र बसून वाचावी अशी आहे.

थंडी येते ती वरून

आपल्याला वाटतं, थंडी वाऱ्याबरोबर येते. म्हणून आपण कुंड्या वाऱ्याच्या आड ठेवतो आणि निर्धास्त होतो. बोचऱ्या वाऱ्याचा त्रास झाडांना होतो हे खरं, पण सर्वांत घातक रात्र असते ती अगदी शांत, चांदण्यांनी भरलेली. ते कसं?

दिवसभर ऊन खाऊन जमीन तापते. सूर्य मावळला की ही ऊब ती आकाशाकडे सोडू लागते. आकाशात ढग असले तर ते पांघरुणासारखं काम करतात आणि बरीचशी ऊब खालीच राहते. पण आकाश निरभ्र असलं की ऊब सरळ निघून जाते. जमिनीचं जे होतं तेच पानांचंही. उघड्या आकाशाखालचं पान भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतं. त्यावर दव जमतं, आणि थंडी फारच वाढली तर ते दव गोठून पानावर पांढरा थर बसतो.

याचा पुरावा तुम्ही रोज पाहता. रात्री उघड्यावर ठेवलेल्या स्कूटरची सीट सकाळी दवाने ओलीचिंब असते. शेजारीच पत्र्याखाली ठेवलेली स्कूटर मात्र कोरडी. हवा तीच, रात्र तीच, फरक एवढाच की एकीच्या डोक्यावर छप्पर होतं. कुंड्यांच्या रक्षणाचं सगळं मर्म एवढ्यात आलं. कुंडी आणि आकाश यांच्यामध्ये रात्रीपुरतं काहीतरी आलं पाहिजे.

आता कुणी म्हणेल, आपल्या महाराष्ट्रात कुठे आलंय बर्फ? तर येतं बरं का! महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळ्याच्या भागात कडाक्याच्या थंडीत पहाटे दव गोठतं. स्ट्रॉबेरीच्या पानांवर, गाड्यांच्या टपांवर, बोटीच्या धक्क्यावर पांढरी साखर पसरल्यासारखी दिसते, आणि लोक फोटो काढायला धावतात. सातपुड्यात तोरणमाळ आणि डाबच्या परिसरातही हे होतं. निफाड तालुक्यात थंडीने जोर केला की द्राक्षबागायतदारांची झोप उडते. मणी तडकू नयेत म्हणून ते भल्या पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, वेलींना विहिरीचं कोमट पाणी देतात. पुण्यातही १९३५ च्या जानेवारीत पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता.

वेण्णा तलावाचं उदाहरण आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवा. महाबळेश्वरची बाजारपेठ उंचावर आहे, तलाव सखल भागात. तरीही दव गोठतं ते तलावाकाठी. कारण गार हवा जड असते आणि ती पाण्यासारखी उताराने वाहत येऊन खोलगट जागी साचते. तुमच्या बंगल्याच्या आवारातला सर्वांत खोलगट कोपरा, ओढ्याकाठचं अंगण, चारी बाजूंनी भिंती असलेला पण वरून उघडा चौक, या जागा रात्री सर्वांत गार असतात. नाजूक कुंड्या तिथे नकोत.

दव गोठलं नाही तरी

मुंबई-कोकणातल्या वाचकांना ही काळजी फारशी नाही. पण पुणे, नाशिक, जळगाव, नागपूर, औरंगाबादकडच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगराकडच्या मैत्रिणींनी “आमच्याकडे कुठे दव गोठतं?” म्हणून निश्चिंत राहू नये. आपण हौसेने लावलेली पुष्कळशी झाडं मूळची उष्ण प्रदेशातली. त्यांना इजा व्हायला शून्य अंशाची गरज नसते. पारा दहाच्या खाली जाऊन चार-सहा रात्री तसाच राहिला, तरी त्यांची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, कडा करपतात, आणि गार ओल्या मातीत मुळं कुजू लागतात.

शिवाय वर्तमानपत्रात किंवा मोबाइलवर दिसतो तो आकडा तुमच्या गच्चीचा नसतो. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, हवा खेळत्या पांढऱ्या पेटीत ठेवलेला असतो. निरभ्र, निवांत रात्री जमिनीलगतचं तापमान त्याहून तीन-चार अंशांनी सहज कमी असू शकतं. पेपरात ‘पारा ७ वर’ असं वाचलंत, तर उघड्या फरशीवरच्या कुंडीला ३-४ अंश सोसावे लागले असतील असं समजा.

धोक्याची रात्र ओळखायला यंत्र लागत नाही. दिवस स्वच्छ उन्हाचा गेला, दुपारी हवा कोरडी होती, संध्याकाळी वारा पडला, आकाशात एकही ढग नाही आणि तारे लखलखताहेत, तर समजावं की आजची रात्र कुंड्यांना आत घेण्याची. बहुधा असं होतं की उत्तरेकडे पाऊस-बर्फ होऊन गेल्याची बातमी येते, मग आकाश स्वच्छ होतं, उत्तरेचे गार वारे आपल्याकडे येतात, आणि ते वारे पडले की थंडीचा कडाका जाणवतो. अशी बातमी वाचली की त्याच दिवशी गोणपाट शोधून ठेवावेत. ढगाळ रात्री मात्र खुशाल झोपा.

जमिनीतल्या झाडापेक्षा कुंडी अधिक गारठते

जमिनीत लावलेल्या जास्वंदीला थंडी थोडी सोसते आणि कुंडीतली मात्र मान टाकते, हे तुम्हीही पाहिलं असेल. जमिनीतल्या मुळांभोवती मातीचा केवढा तरी साठा असतो. खोलवरची ऊब त्यांना मिळत राहते. कुंडीत माती ओंजळभर, आणि थंडी मात्र चहूबाजूंनी.

त्यातून मातीची कुंडी म्हणजे माठाची धाकटी बहीण. माठ झिरपतो म्हणून पाणी गार होतं. ओली मातीची कुंडीही कोरड्या हवेत तशीच गार होत जाते. उन्हाळ्यात हा गुण, थंडीत तोच अवगुण. प्लास्टिकची कुंडी झिरपत नाही, पण तिची भिंत पातळ. डालड्याचा जुना डबा तर रात्री बर्फासारखा होतो. म्हणून थंडीत झाडाच्या शेंड्याइतकीच कुंडीच्या पोटाचीही काळजी घ्यायची.

आधी जागा बदला

पैसा न खर्चता होणारा सर्वांत मोठा उपाय म्हणजे कुंडी हलवणं. मार्गशीर्ष लागला की एका रविवारी घरातल्या पुरुषमंडळींना आणि मुलांना हाताशी धरा आणि कुंड्यांची फेरमांडणी करून टाका.

नाजूक कुंड्या पडवीत, सज्जाखाली, जिन्याखालच्या जागेत, किंवा ज्या गॅलरीवर वरच्या मजल्याची गॅलरी आहे तिथे घ्या. डोक्यावर छप्पर आलं की निम्मं काम झालं. उघडी गच्ची सर्वांत वाईट. तिथून हलवता येत नसतील तर निदान पाण्याच्या टाकीला किंवा जिन्याच्या खोलीच्या भिंतीला लागून ठेवा. त्यातही दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेली भिंत निवडा. दिवसभर तापलेली ती भिंत रात्री उशिरापर्यंत ऊब देत राहते.

कुंड्या एकेकट्या ठेवू नका. थंडीत माणसं जशी शेकोटीभोवती खेटून बसतात, तशा कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा. थंडी सोसणाऱ्या मोठ्या कुंड्या कडेला, नाजूक आणि लहान मधोमध. मधल्या फटींत वाळका पाला, उसाचं पाचट किंवा नारळाच्या शेंड्या कोंबा. गार फरशीवर थेट न ठेवता खाली दोन विटा, लाकडी फळी किंवा जुना पाट द्या. पाणी निघून जायलाही त्याने वाट मिळते. कुंड्यांच्या मधे पाण्याने भरलेली एखादी बादली ठेवली तर तीही उपयोगी पडते. दिवसा ती उन्हाने तापते आणि रात्री हळूहळू ऊब सोडते. फक्त घरात रांगतं मूल असेल तर ही बादली नको, आणि डास होऊ नयेत म्हणून पाणी बदलत जा.

पांघरूण कसं घालावं

ज्या कुंड्या हलणारच नाहीत त्यांना पांघरूण घालायचं. जुनी सुती साडी, विरलेली चादर, गोणपाट, वर्तमानपत्राचे तीन-चार थर, काहीही चालतं. पण पद्धत मात्र नीट हवी. पुष्कळजणी झाडाच्या शेंड्यावर फडकं टाकतात आणि खोडाशी दोरीने आवळून बांधतात. जणू रोपाला मुंडासंच! याचा फारसा उपयोग होत नाही. ऊब येते ती कुंडीतल्या मातीतून आणि खालच्या जमिनीतून. फडकं खोडाशी आवळलं की ती ऊब बाहेरच राहते.

पांघरूण तंबूसारखं हवं. कुंडीत तीन-चार काठ्या रोवा, त्यांची टोकं झाडापेक्षा वीतभर उंच ठेवा, आणि त्यांवरून कापड असं सोडा की ते चारी बाजूंनी जमिनीपर्यंत पोचेल. कडांवर विटा ठेवा. लहान रोपांवर वेताची टोपली, जुनी पाटी किंवा पुठ्ठ्याचं खोकं पालथं घातलं तरी भागतं.

प्लास्टिकचा कागद वापरायचा तर तो पानांना टेकू देऊ नका. जिथे टेकतो तिथली पानं हमखास करपतात. आतून आधी कापड, वरून प्लास्टिक, असं केलं तर उत्तम.

वेळ फार महत्त्वाची. पांघरूण घालायचं ते दिवेलागणीच्या सुमारास, माती अजून उबदार असताना. रात्री दहाला, सगळी ऊब निघून गेल्यावर घातलं तर आत साठवणार काय? आणि सकाळी ऊन अंगणात आलं की आठवणीने काढायचं. दिवसभर झाकून ठेवलेल्या रोपाला ना ऊन मिळत ना हवा. प्लास्टिकखाली तर ते दुपारी शिजून निघतं. दवाने ओलं झालेलं गोणपाट दिवसा वाळत घाला.

कुंडीच्या पोटालाही वेगळं पांघरूण द्या. गोणपाटाचे दोन वेढे देऊन सुतळीने बांधलं की झालं. लहान कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत वाळका पाला किंवा भुसा भरला, तर त्याहूनही छान.

पाणी, खत आणि कात्री

थंडीत पाणी किती आणि केव्हा, इथे बऱ्याच कुंड्यांचं नशीब ठरतं. वाढ मंदावली की झाडाची तहानही कमी होते. उन्हाळ्याच्या सवयीने रोज पाणी घातलं तर माती थबथबलेली राहते आणि मुळं कुजतात. बोट पेरभर मातीत खुपसून पाहा. कोरडं लागलं तरच पाणी.

पण याचा अर्थ माती ठणठणीत कोरडी ठेवावी असा नाही. किंचित ओलसर माती दिवसाची ऊब कोरड्या मातीपेक्षा अधिक साठवते. म्हणून कडाक्याची रात्र येणार असं वाटलं तर त्या दिवशी सकाळी दहा-अकराच्या सुमारास बेताचं पाणी द्या. संध्याकाळी नको, आणि पानांवर तर नकोच. गच्चीवरच्या टाकीचं पहाटेचं पाणी फार गार असतं. बादली भरून तासभर उन्हात ठेवावी आणि मग ते पाणी वापरावं. कुंडीखालच्या ताटल्यांत साचलेलं पाणी ओतून टाका.

खताचा हात आखडता घ्या. थंडीच्या तोंडावर शेणखत-पेंड भरपूर घातली की कोवळी पालवी फुटते, आणि थंडीचा पहिला घाव बसतो तो कोवळ्या पानांवरच. नाजूक झाडांना आता दोन महिने खत नको, छाटणीही नको. फुलणाऱ्या गुलाब-शेवंतीचं गणित वेगळं. त्यांचं नेहमीचं खतपाणी चालू द्या.

आगीशी खेळ नको

ऊब देण्याच्या नादात काही धोकेही ओढवून घेतले जातात, म्हणून हे स्पष्ट सांगते. तुळशीपुढची पणती जळत असताना तिच्यावर कापडाचं किंवा प्लास्टिकचं पांघरूण कधीही घालू नका. दिवा शांत झाला, किंवा तो बाजूला कोनाड्यात ठेवला, की मगच झाकायचं. बंद गॅलरीत किंवा पडवीत कोळशाची शेगडी पेटवून ठेवणं तर माणसांच्याच जिवाशी खेळ आहे. तिच्या विषारी वायूला वासही नसतो. बागायतदार शेकोट्या पेटवतात त्या मोकळ्या शेतात. आपल्या गच्चीत ते नको.

पूर्वी पुष्कळ घरी कुंड्यांजवळ पिवळा बल्ब लावून ठेवत. त्या बल्बचा उजेड कमी आणि उष्णता जास्त, म्हणून त्याचा उपयोग व्हायचा. हल्लीचे एलईडी दिवे विशेष तापत नाहीत. ते रात्रभर जाळून वीज तेवढी जाते, कुंडी गारच राहते.

कुणाला जपायचं, कुणाला नाही?

सगळ्याच कुंड्यांची उठाठेव करायची गरज नाही. थंडी ज्यांना मानवते ती झाडं उघड्यावरच खुलतात. गुलाब, शेवंती, पिटुनिया, पॅन्सी, फ्लॉक्स, तसंच मेथी, कोथिंबीर, मुळा, लसूण यांना खुशाल उन्हात राहू द्या. अगदी दव गोठण्याचीच भीती असेल तेव्हा फुलं-कळ्यांवर रात्रीपुरतं कापड टाकलं की पुरे.

जपायचं ते तुळस, नागवेल, पानओवा, क्रोटन, मनी प्लँट, डिफेनबॅकिया, सिंगोनियम, अँथुरियम, ऑर्किड, अडेनियम, अबोली, जास्वंद, ब्रह्मकमळ यांना. कुंडीत वाढवलेली पपई किंवा केळ असेल तर तीही याच पंगतीत.

आणि काही झाडं नुसती झोपी जातात, मरत नाहीत. हळदीची पानं थंडीत वाळतात, कारण तिचं वर्षाचं काम झालेलं असतं. खाली कंद तयार आहे. अळूही सुस्तावतो. कढीपत्ता पानं गाळतो, मोगरा खराट्यासारखा दिसतो. यांना मेलं समजून उपटू नका आणि जागं करायला ढोसून पाणीही घालू नका. फाल्गुन-चैत्रात ती आपणहून जागी होतील.

आणि आता तुळशीबद्दल

तुळस ही उष्ण हवामानातली. ऊन तिला प्रिय, थंडी तिची वैरीण. शिवाय तिचं आयुष्यही मोठं नाही. दोन-तीन वर्षांत खोड लाकडासारखं होतं, पानं बारीक येतात, मंजिऱ्या मात्र भरघोस. कार्तिकात आपण जिचं लग्न थाटात लावतो ती तुळस बहुधा मंजिऱ्यांनी लदलेली, म्हणजे बी धरून दमलेली असते. आणि नेमकी त्यानंतर थंडी येते.

त्यात आपल्या भक्तीचीही भर पडते. रोज पहाटे आंघोळ करून तुळशीला तांब्याभर गार पाणी. घरात चौघीजणी असतील तर चार तांबे. वर दुधाचे थेंब, अक्षता, आणि खोडाला व पानांना हळद-कुंकू. थंडीत वृंदावनातली माती वाळत नाही, मुळं गारठतात आणि कुजतात. वरून पानं सुकलेली दिसतात, म्हणून आपण आणखी पाणी घालतो!

नेम मोडायची काहीच गरज नाही. सकाळी पळीभर पाणी तुळशीला वाहा आणि तांब्यातलं उरलेलं गुलाबाला घाला. पोटभर पाणी माती कोरडी झाल्यावर, दुपारच्या आधी. हळद-कुंकू वृंदावनाला लावा, खोडाला नको. मंजिऱ्या दिसू लागल्या की वरच्यावर खुडत जा. तपकिरी झालेल्या मंजिऱ्या चुरून बी कागदाच्या पुडीत घालून, वर तारीख लिहून ठेवा. माघ संपता संपता ऊन तापू लागलं की ते पेरा. दुसरा उपाय थंडीच्या आधीचा. भाद्रपद-आश्विनात बोटभर लांबीचे, मंजिरी न आलेले शेंडे पेलाभर पाण्यात ठेवले की दहा-पंधरा दिवसांत त्यांना मुळं फुटतात. असं एक रोप छोट्या कुंडीत लावून खिडकीच्या आत, उन्हात ठेवावं. वृंदावनातली तुळस गेलीच, तर तिचीच लेक तिच्या जागी उभी राहते.

वृंदावन काही हलवता येत नाही. त्याच्यावर रात्रीपुरता चार काठ्यांचा मांडव घाला. लग्नात उसाचा मांडव घालतोच ना आपण? त्यातलाच हा एक.

आणि इतकं करूनही ती वाळलीच, तर? तर ती थंडीने, वयाने किंवा मुळं कुजल्याने वाळली. तिच्या वाळण्याचा घरावरच्या संकटाशी काही संबंध नाही आणि कुणाच्या पायगुणाशी तर मुळीच नाही. ज्या रात्री तुमच्या अंगणातली तुळस करपली, त्याच रात्री त्याच आळीतल्या आणखी दहा अंगणांतल्याही करपल्या असतील. त्या दहाही घरांत काय नव्या सुना आल्या होत्या? सासूबाई हो, हे वाक्य तुम्ही म्हटलंत तर घरात त्याला वजन येईल. “अगं, थंडी किती होती काल! चल, आपण दुसरी लावू,” एवढंच म्हणा. सुनेच्या मनावरचं ओझं उतरेल, आणि पुढच्या वर्षी मांडव घालायला दोन हात जास्त मिळतील.

सकाळी पानं काळवंडलेली दिसली तर

प्रथम, घाई नको. पानांवर पांढरं गोठलेलं दव दिसलं तर ते हाताने झटकू नका, पानं मोडतात. कढत पाणी तर चुकूनही ओतू नका. कुंडी हलण्यासारखी असेल तर उचलून सावलीत ठेवा, म्हणजे दव हळूहळू वितळेल. गोठलेल्या पानांवर एकदम कडक ऊन आलं की नुकसान वाढतं.

मग कात्री लपवून ठेवा. करपलेली पानं वाईट दिसतात म्हणून लगेच छाटायचा मोह होतो. पण तीच वाळकी पानं खालच्या जिवंत डोळ्यांना पुढच्या थंडीत आडोसा देतात. शिवाय आता छाटलंत तर नवी पालवी फुटेल आणि तीही करपेल. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ हे आपल्या आजीने सांगून ठेवलंय ते कुंड्यांनाही लागू आहे. होळीच्या सुमाराला फांदीवर नखाने हलकेच खरवडून पाहा. खाली हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे. तपकिरी कोरडं दिसलं तर हिरवं लागेपर्यंत छाटत खाली या. तोवर पाणी अगदी कमी आणि खत नाही. जास्वंद आणि कढीपत्ता पुष्कळदा बुंध्यापासून नव्याने फुटतात.

दूरच्या मैत्रिणींसाठी

इंदूर, देवास, ग्वाल्हेर, दिल्लीकडच्या मराठी घरांना तर हा प्रश्न दरवर्षीचाच. तिकडे गोठलेल्या दवाला ‘पाला’ म्हणतात. आपल्याकडे पाला म्हणजे पानं, तिकडे पाला म्हणजे पानांचा शत्रू! दिल्ली-ग्वाल्हेरकडे दाट धुक्याने दिवस-दिवस ऊन पडत नाही, म्हणजे जमिनीत साठायला ऊबच नसते. तिथे तुळस, मनी प्लँट, क्रोटन या कुंड्या डिसेंबर-जानेवारीत घरातच, खिडकीजवळ घेतलेल्या बऱ्या. ज्यांच्या लेकीसुना बर्फ पडणाऱ्या देशांत आहेत त्यांनी त्यांना एवढं कळवावं की रात्रीचा पारा दहाच्या खाली जाऊ लागला की तुळस घरात घ्यावी, दक्षिणेच्या खिडकीत ठेवावी, आणि हीटरच्या कोरड्या झोतापासून दूर ठेवावी.

रोजचा परिपाठ

हे सगळं वाचून “एवढं कोण करणार?” असं वाटेल. पण महाराष्ट्रात खरोखर धोक्याच्या रात्री हिवाळ्यात थोड्याच असतात, आणि त्या रात्रींचं काम दहा मिनिटांचं. सकाळी अकराला बोट खुपसून माती पाहणं आणि लागलं तर पाणी. दिवेलागणीला आकाशाकडे एक नजर. ढग नाहीत, वारा नाही, तर पणती कोनाड्यात आणि कुंड्यांवर कापड. सकाळी ऊन आलं की कापड दोरीवर. गोणपाट, काठ्या, सुतळी एका पिशवीत घालून दाराशी अडकवून ठेवा, म्हणजे ऐनवेळी शोधाशोध नको. संध्याकाळचं पांघरूण घालायचं काम मुलांकडे सोपवलंत तर ती मोठ्या उत्साहाने करतात. आज तारे लखलखताहेत की ढग आलेत, हे तुम्हाला तीच येऊन सांगतील.